ग्रीसच्या पाणबुडीवरचा सोलापुरातला अभ्यासवर्ग: पैसे भरून बसावे का?

नवी पेठेतल्या एका बोळात, कापडदुकानांच्या वरच्या मजल्यावर, दर शनिवारी संध्याकाळी एक अर्थविषयक अभ्यासवर्ग भरतो. वाणिज्य शाखेचे एक निवृत्त प्राध्यापक तो चालवतात. महिन्याला एकच विषय घेतला जातो, त्याच्या चार बैठका होतात आणि पाचशे रुपये आगाऊ भरावे लागतात. चहा आणि छापील टिपणे त्यातच येतात. गेल्या महिन्याचा विषय होता कर्जबाजारी देशाचा शस्त्रखर्च, आणि उदाहरण होते ग्रीसचे. सोलापुरात बसून ग्रीसच्या पाणबुड्यांचा हिशेब कशाला करायचा, असे ओळखीच्या अनेकांनी विचारले. वर्गात आपले पैसे वसूल होतात की नाही हे सांगायचे, तर त्या हिशेबाच्या तपशिलात शिरण्यावाचून गत्यंतर नाही, कारण या वर्गाचे बळ आणि त्याची उणीव दोन्ही तिथेच सापडतात.

जाहिरातीपासूनच सुरुवात करतो, कारण तक्रारीची पहिली जागा ती आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या पत्रकात ‘शस्त्रांनी बुडवलेला देश’ असे ठळक अक्षरांत छापले होते. गर्दी जमवायला हे वाक्य बरे असले तरी हिशेबाला ते टिकत नाही, आणि गंमत म्हणजे सरांनी स्वतःच पहिल्या तासाभरात ते मोडीत काढले. २००९ साली ग्रीसचा जीडीपी साधारण २४० अब्ज युरो होता. संरक्षणावर त्यातला ३ टक्क्यांहून थोडा अधिक वाटा, म्हणजे सात-साडेसात अब्ज युरो खर्च होत होते. त्याच वर्षाची सरकारी तूट मात्र ३६ अब्जांच्या घरात गेली होती आणि एकूण कर्ज ३०० अब्जांच्या आसपास पोहोचले होते. म्हणजे त्या वर्षी सैन्यावर एक छदामही खर्च केला नसता, तरी तुटीचा मोठा भाग तसाच राहिला असता. करचुकवेगिरी, ऐपतीबाहेरची पेन्शनची आश्वासने, मतांसाठी केलेली सरकारी नोकरभरती आणि युरो स्वीकारल्यामुळे मिळू लागलेले स्वस्त कर्ज, ही कारणे त्याहून मोठी होती. वक्ता स्वतःच्या जाहिरातीविरुद्ध फळ्यावर आकडेमोड करून दाखवतो, हे मला आवडले. पण मग पत्रक तसे छापायचे कशाला, हा प्रश्न उरतोच.

मग शस्त्रखर्चाचा अभ्यास करायचा कशासाठी? सरांचे उत्तर असे की सरकारी खर्चाच्या इतर शाखांत निर्णय शेकडो हातांनी होतात आणि दोष कोणाचा ते सापडत नाही. शस्त्रखरेदीत मात्र करार मोजके, सह्या मोजक्या आणि रकमा प्रचंड असतात, त्यामुळे कागद हाती लागला की व्यवहार कसा झाला ते उलगडून पाहता येते. हे उत्तर मला पटले.

पार्श्वभूमी त्यांनी थोडक्यात पण नीट सांगितली. जानेवारी १९९६ मध्ये एजियन समुद्रातल्या इमिया नावाच्या दोन ओसाड खडकांवरून ग्रीस आणि तुर्कस्तान युद्धाच्या उंबरठ्यावर आले. ग्रीक नौदलाचे हेलिकॉप्टर कोसळून तीन अधिकारी मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या मध्यस्थीने प्रसंग निभावला, पण ग्रीसमध्ये अपमानाची भावना खोल रुजली आणि त्याच वर्षी शस्त्रखरेदीचा मोठा कार्यक्रम आखला गेला. त्या वर्षीच संरक्षणमंत्री झालेले अकिस त्सोहात्झोपुलोस २००१ पर्यंत त्या खात्यावर होते. पासोक या समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी ते एक आणि १९९६ साली पंतप्रधानपद त्यांच्या हातून थोडक्यात निसटलेले. अशा वातावरणात खर्चावर प्रश्न विचारणारा देशद्रोही ठरतो. ही खरेदी पुढेही थांबली नाही: स्टॉकहोमच्या सिप्री या संस्थेच्या आकडेवारीप्रमाणे २००५ ते २००९ या काळात चीन, भारत, दक्षिण कोरिया आणि संयुक्त अरब अमिरातीच्या पाठोपाठ ग्रीस हा जगातला पाचवा मोठा शस्त्र-आयातदार होता. लोकसंख्या मात्र जेमतेम सव्वा कोटीच्या आतली.

वर्गाचा खरा ऐवज पाणबुडीच्या प्रकरणात आहे. फेब्रुवारी २००० मध्ये ग्रीसने जर्मन बनावटीच्या २१४ वर्गातल्या तीन पाणबुड्यांचा करार केला आणि पुढे चौथी वाढवली. पहिली, पापानिकोलिस, जर्मनीत कील येथे बांधायची आणि उरलेल्या अथेन्सजवळच्या स्कारामांगास गोदीत, अशी विभागणी होती. पापानिकोलिस २००४ मध्ये तयार झाली. चाचण्यांत ती खवळलेल्या समुद्रात जास्त कलते, हवेविना चालणारी तिची यंत्रणा तापते, अशा तक्रारी ग्रीक नौदलाने नोंदवल्या आणि २००६ मध्ये पाणबुडी ताब्यात घेण्यास नकार दिला. बांधणाऱ्यांनी दोष मान्य केले नाहीत. दुरुस्त्या आणि वाद यांत वर्षे गेली. दरम्यान करारापोटी २ अब्ज युरोंहून अधिक रक्कम देऊन झाली होती आणि ग्रीक नौदलाच्या धक्क्याला एकही पाणबुडी लागलेली नव्हती. अखेर २०१० साली, देश दिवाळखोरीच्या काठावर असताना, पापानिकोलिस स्वीकारली गेली. उरलेल्या पाणबुड्या नौदलात यायला २०१६ साल उजाडले.

या ठिकाणी वर्गातल्या एका गणवेश-उत्पादकाने सरांना थांबवले. सोलापूरचे गणवेश देशभर जातात, सरकारी निविदाही भरल्या जातात, त्यामुळे नमुना, तपासणी आणि नाकारलेला माल हे शब्द इथे रोजच्या बोलण्यातले आहेत. ते म्हणाले, “सर, आमचा एक लॉट शिलाईत जरा इकडचा तिकडं झाला तर अख्खा माल परत येतो आणि बिल अडकतं. इथं माल नापास आणि पैसे पास, असं कसं झालं? हप्ता सोडायला सही कुणी केली?” सरांनी या प्रश्नावर उरलेला सगळा वेळ खर्च केला, आणि तो सत्कारणी लागला. करारात हप्ते बांधकामाच्या टप्प्यांना जोडलेले होते, अंतिम स्वीकृतीला नव्हे; त्यामुळे बांधकाम पुढे सरकले की पैसे सुटत आणि माल पसंत नसला तरी खरेदीदाराच्या हातात अडवून धरण्यासारखे फारसे काही उरत नसे. हे कलम घासाघीस करून बदलून घेणे ज्यांचे काम होते, तेच लोक विकत घेतले गेले होते. लाचेचा परिणाम रकमेत शोधायचा नसतो, करारात जे कलम असायला हवे होते पण नाही, तिथे शोधायचा असतो, हे त्यांनी इतक्या नेमकेपणाने मांडले की गणवेशवाल्यांनी ते वहीत उतरवून घेतलेले मी पाहिले.

लाचेची बाजू न्यायालयात सिद्ध झालेली आहे, म्हणून तिथे सरांना अंदाजांचा आधार घ्यावा लागला नाही. डिसेंबर २०११ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने फेरोस्टाल या जर्मन कंपनीच्या दोन माजी अधिकाऱ्यांना ग्रीस आणि पोर्तुगालमधील पाणबुडी-व्यवहारांत लाच दिल्याबद्दल दोषी ठरवले. वाटलेली रक्कम सुमारे ६ कोटी २० लाख युरो होती. कंपनीला सुमारे १४ कोटी युरोंचा दंड झाला. व्यवहाराच्या आकारापुढे लाच शेकडा दोन-तीन भरते, आणि एवढ्याने देश बुडत नाही असे म्हणणारे इथेच फसतात. कारण ती रक्कम विक्रेता स्वतःच्या खिशातून देत नाही. ती किमतीत मिळवली जाते, किंमत खरेदीदार देतो आणि या प्रकरणात खरेदीदाराने ती कर्ज काढून दिली. म्हणजे आपल्याच मंत्र्याला दिलेल्या लाचेवरचे व्याजही ग्रीक करदात्याच्या माथी आले. आणखी एक गोष्ट मला नवीन होती: परदेशी अधिकाऱ्यांना दिलेली लाच जर्मनीत नव्वदच्या दशकाच्या अखेरपर्यंत व्यवसायखर्च म्हणून करातून वजा करता येत असे. ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेचा लाचविरोधी करार १९९९ साली लागू झाल्यावरच ते बंद झाले. उत्तर युरोपाने दक्षिणेला दिलेल्या शिस्तीच्या धड्यांकडे त्यानंतर निराळ्या नजरेने पाहावे लागते.

त्सोहात्झोपुलोस यांना एप्रिल २०१२ मध्ये अटक झाली आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये कुटुंबीयांसह अनेकांबरोबर दोषी ठरवून त्यांना वीस वर्षांची शिक्षा देण्यात आली. अक्रोपोलिसच्या समोरच्या रस्त्यावरचे त्यांचे घर परदेशी कंपनीच्या नावाने घेतलेले होते, आणि त्या काळात ग्रीक वर्तमानपत्रांत त्या घराची छायाचित्रे पेन्शनकपातीच्या बातम्यांशेजारी येत होती. पण गुन्हा कोणता सिद्ध झाला, तर काळा पैसा पांढरा केल्याचा. लाच घेतल्याचा गुन्हा मुदतबाह्य झाला होता, कारण ग्रीक राज्यघटनेच्या ८६व्या अनुच्छेदाप्रमाणे मंत्र्यावर खटला भरण्याचा अधिकार फक्त संसदेला होता आणि तोही आखूड मुदतीत. ही मुदतीची अट २०१९ साली काढण्यात आली. शस्त्रखरेदी विभागाचे माजी उपसंचालक अँटोनिस कांटास यांची जबानी याहून बोलकी आहे. आपण इतक्या जणांकडून पैसे घेतले की सगळे आठवत नाहीत, अशा अर्थाचे त्यांनी सांगितले. रणगाडे-खरेदीवर आपण आक्षेप नोंदवल्यावर एक प्रतिनिधी कार्यालयात येऊन सहा लाख युरोंची बॅग ठेवून गेला, असेही त्यांचे म्हणणे होते; संबंधित कंपनीने ते नाकारले. कांटास मंत्री नव्हते, दुय्यम पदावरचे अधिकारी होते. आक्षेप नोंदवणे हे ज्याचे कर्तव्य, त्याच्या आक्षेपालाच भाव येतो, हे सरांचे भाष्य मार्मिक होते.

तिसरी बैठक हिशेबांची होती आणि माझ्या मते एकट्या त्या बैठकीसाठी पाचशे रुपये द्यावेत. माझी उभी नोकरी सहकारी बँकेच्या कर्जखात्यात गेली असल्यामुळे ताळेबंदातल्या ‘येणे’ या रकान्याकडे मी नेहमीच संशयाने पाहतो, आणि इथे सगळा खेळ त्या रकान्याचाच निघाला. लष्करी सामग्रीचा खर्च तुटीत केव्हा धरायचा, पैसे दिले तेव्हा की माल ताब्यात आला तेव्हा, या प्रश्नावर युरोपीय सांख्यिकी कार्यालय, म्हणजे युरोस्टॅट, यांनी २००६ साली निकाल दिला की माल ताब्यात आला तेव्हा. तोवर दिलेली रक्कम पुरवठादाराकडून येणे म्हणून दाखवायची. नियम लेखाशास्त्राला धरून आहे. पण पाणबुडी वर्षानुवर्षे किलच्या गोदीतच राहिली, तर परिणाम काय होतो हे सरांनी दोन रकाने आखून दाखवले: हप्त्यासाठी घेतलेले पैसे कर्जाच्या रकान्यात लगेच चढतात, तुटीच्या रकान्यात काहीच चढत नाही, आणि दरवर्षी तुटीचा टक्का पाहून समाधान मानणाऱ्याला कर्ज का फुगते आहे ते उमगत नाही. त्याआधी तर गोंधळ याहून मोठा होता. २००४ साली सत्ताबदल झाल्यावर जुने आकडे तपासले गेले, तेव्हा १९९९ पासून एकाही वर्षी तूट युरोच्या नियमांतल्या जीडीपीच्या ३ टक्क्यांच्या मर्यादेत नव्हती असे निष्पन्न झाले आणि लष्करी खर्च कमी दाखवला जाणे हे त्यातले एक ठळक कारण निघाले. आधीच्या सरकारचे म्हणणे असे की नव्यांनी हिशेबाची पद्धत बदलून आपल्याला बदनाम केले. सरांनी ही दुसरी बाजूही मांडली, हे नमूद करायला हवे.

काटकसरीच्या पर्वाचे विवेचन त्या मानाने ओळखीचे वाटले. मे २०१० मध्ये ११० अब्ज युरोंचे पहिले साहाय्य, २०१२ मध्ये १३० अब्जांचे दुसरे, २०१५ मध्ये ८६ अब्जांपर्यंतचे तिसरे. बदल्यात सरकारी नोकरांचे सणासुदीचे जादा पगार आणि निवृत्तांची सणासुदीची जादा पेन्शन बंद, किमान वेतन ७५१ युरोंवरून ५८६ वर, अर्थव्यवस्था चतुर्थांशाने आक्रसलेली आणि बेकारी २७ टक्क्यांच्या वर. इथे एक बारकावा मात्र चांगला सांगितला गेला. सैन्यावरचा खर्चही या काळात खूप घटला, तरी जीडीपीशी तुलना करता तो २ टक्क्यांच्या वरच राहिला, कारण भागाकारातला भाजकच कमी झाला होता. उरलेल्या खर्चात पगार आणि पेन्शन यांचा वाटा तीन-चतुर्थांशाच्या आसपास गेला, त्यामुळे महागडी यंत्रे उभी आणि सुट्या भागांना पैसे नाहीत अशी स्थिती झाली. स्कारामांगास गोदीतल्या कामगारांना तर महिनोन्महिने पगार मिळाला नाही, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये ते अथेन्समधल्या संरक्षण मंत्रालयाच्या आवारात घुसले. लक्ष्मी-विष्णू गिरणीचा भोंगा बंद पडल्यानंतरचे दिवस ज्यांनी घरात काढले आहेत, असे दोघे-तिघे श्रोते माझ्या रांगेत होते. गोदीचा विषय निघाल्यावर त्यांनी विचारलेले प्रश्न लाचेबद्दल नव्हते, थकलेल्या पगाराचे पुढे काय झाले याबद्दल होते, आणि सरांनी त्यांना दिलेला वेळ फारच अपुरा होता.

आता उणिवा. टिपणांमध्ये अब्ज, कोटी आणि दशलक्ष अशी तिन्ही परिमाणे एकाच तक्त्यात आलेली आहेत आणि काही ठिकाणी युरो की डॉलर याचा उल्लेखच नाही. हिशेबाच्या वर्गात ही ढिलाई अक्षम्य आहे. तोंडी सांगताना सर अचूक असतात. छपाई करणाऱ्या विद्यार्थ्याने मूळ कागदावर नजर टाकलेली दिसत नाही. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार मागच्या रांगेतून म्हणाले, “सर, चोरी झाली हे कबूल. पण शेजारी डोळे वटारून उभा असताना खरेदीच करायची नाही, असं तर तुमचं म्हणणं नाही ना?” या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही. तुर्कस्तानचा धोका खरा किती आणि फुगवलेला किती, याचा ऊहापोह या विषयात टाळून चालत नाही. उत्तराची सामग्री तर हाताशी होती: सिप्रीच्याच नोंदीनुसार २००५ ते २००९ मध्ये जर्मनीच्या शस्त्रनिर्यातीत सर्वांत मोठी गिऱ्हाइके तुर्कस्तान, १४ टक्के, आणि ग्रीस, १३ टक्के, ही होती, आणि २००९ साली तुर्कस्ताननेही सहा पाणबुड्या मागवल्या त्या २१४ वर्गाच्याच. दोन्ही वैऱ्यांनी एकाच दुकानातून घेतलेल्या एकसारख्या मालाने कोणाची सुरक्षितता किती वाढली, यावर चर्चा व्हायला हवी होती. सुभेदारांचा मुद्दा आजही शिळा झालेला नाही. एप्रिल २०२५ मध्ये ग्रीसने पुढच्या बारा वर्षांत २५ अब्ज युरो संरक्षणावर खर्च करण्याचा कार्यक्रम जाहीर केला आहे.

आणि भारताचा भाग अक्षरशः उरकला गेला. शेवटची पंधरा-वीस मिनिटे शिल्लक असताना बोफोर्सचे नाव आले, १९८७ साल आले आणि वेळ संपली. वास्तविक ग्रीसच्या पाणबुडीला जोडणारा धागा आपल्याकडेच आहे: कीलच्या ज्या एचडीडब्ल्यू कंपनीने पापानिकोलिस बांधली, तिच्याशीच भारताने १९८१ साली चार पाणबुड्यांचा करार केला होता, त्यातल्या दोन मुंबईच्या माझगाव गोदीत बांधल्या गेल्या. दलालीच्या आरोपांनी १९८७ मध्ये वादळ उठले आणि पुढचे बांधकाम थांबले. त्या दोनांतली दुसरी पाणबुडी पूर्ण झाल्यावर, १९९४ नंतर, माझगावच्या कारागिरांनी मेहनतीने कमावलेले कसब कामाविना वाया गेले, आणि तिथे बांधलेली पुढची पाणबुडी, कलवरी, नौदलात आली ती डिसेंबर २०१७ मध्ये. भ्रष्टाचार झाला की व्यवहारच गुंडाळायचा या उपायाचीही किंमत असते, ती लाचेपेक्षा मोठी भरू शकते, हा मुद्दा मराठी श्रोत्यांसमोर मांडण्याची याहून चांगली संधी कोणती होती? भारतासाठी पाचवी बैठक ठेवावी आणि तिचे वेगळे शंभर रुपये घ्यावेत, असे मी सरांना सुचवले आहे. ‘बघू या, मालक’ एवढेच उत्तर मिळाले.

व्यवस्थेविषयी थोडक्यात सांगतो. जागा पुरेशी आहे, पण उन्हाळ्यात वरच्या पत्र्यामुळे खोली तापते आणि दोनच पंखे चालतात. सात वाजता म्हणजे सातलाच सुरू होते. खाली दुचाकी लावायला जागा मिळत नाही. पार्क चौकाकडे गाडी लावून चालत येणे सोयीचे. स्पर्धापरीक्षेच्या मुलांनी केवळ टिपणांच्या आशेने येऊ नये, त्यांना इथे प्रश्नोत्तरांचा तयार मसाला मिळणार नाही. निविदा, उचल, हमीपत्र, ताळेबंद यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध आहे अशा व्यापाऱ्यांनी, लेखापालांनी आणि महानगरपालिकेच्या कामांवर लक्ष ठेवणाऱ्या कार्यकर्त्यांनी मात्र जरूर बसावे, आणि शक्य झाल्यास तिसरी बैठक चुकवू नये. पुढच्या महिन्याचा विषय २०२२ चे श्रीलंकेचे संकट हा आहे. पैसे भरण्यापूर्वी टिपणांतले तक्ते या वेळी तपासून घेतले आहेत का, एवढे विचारून घ्यावे. मी विचारले आहे आणि होकार मिळाल्यावरच नाव नोंदवले आहे.